वाऱ्याच्या आडची खिडकी

ओलेटा सॅडलरच्या गॅरेजमध्ये गाडीला कधी जागा मिळाली नाही. तिथे प्लायवूडच्या फळ्या राहायच्या. घराला जेवढ्या खिडक्या तेवढ्या फळ्या, आणि प्रत्येकीवर तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे हर्शेलच्या, हातचं काळ्या रंगातलं नाव: ‘स्वयंपाकघर’, ‘न्हाणीघर, ही बाजू वर’, ‘ओलेटाचं शिवणाचं मशीन’. नावाखाली वादळांची नावं, आली तशी लिहिलेली. किनाऱ्यावरच्या या टर्टल क्रीक गावात घरोघरी हीच पद्धत. कुणाच्या फळीवर जास्त वादळं यावरून रविवारी चर्चबाहेर पुरुषमंडळी अशा काही बढाया मारत, की वाटावं, वादळ यांनीच आमंत्रण देऊन बोलावलं होतं.

वादळाची बातमी पक्की झाली की हीच मंडळी ड्रिल घेऊन एकेका घराच्या खिडक्यांवर फळ्या ठोकत फिरायची. ओलेटा मक्याचा पाव आणि तळलेली बोय मासळी घेऊन तयार असायची. दुपार होईपर्यंत सगळं गाव आंधळं होऊन बसे. मग बायका-मुलं घराच्या आतल्या, बिनखिडकीच्या बोळात गाद्या टाकून बसत आणि बाहेर काय चाललंय ते नुसतं ऐकत. ओलेटाने जन्मभर वादळं ऐकली होती, बघितलं एकही नव्हतं.

त्यांचं घर खाडीपासून आत, वाळूच्या उंचवट्यावर. पाणी तिथवर कधी चढलं नाही. मोठं वादळ असलं आणि काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारने, निघा म्हटलं, की निघायचं. मधलं असलं की फळ्या ठोकून घरातच राहायचं. असं चाळीसएक वर्षं सुरळीत चाललं. बिघडलं ते हर्शेलचं डोकं.

हर्शेलने उभा जन्म खाडीतली कालवं काढली. लांब दांड्याचे चिमटे घेऊन बोटीच्या काठावर दिवस दिवस उभा राहणारा माणूस. साठी उलटून गेल्यावरही त्याच्या खांद्यांकडे बघून तरण्या पोरांनी मान खाली घालावी. तो आधी किल्ल्या विसरायला लागला, मग माणसांची नावं. मग एके दिवशी बोट विकली हेच विसरला. रोज सकाळी विचारायचा, “भरती किती वाजता?”

“आज बुधवार आहे, हर्शेल.”

“वार कोण विचारतंय? भरती विचारली मी.”

ओलेटा भरतीची वेळ सांगून टाकायची. ती खोटी नसायची. रेडिओवर रोज सांगतात आणि ती त्याच्यासाठी रोज ऐकून ठेवायची.

आदल्या वर्षीच्या शरदात एक मधलं वादळ आलं. शेजाऱ्यांनी फळ्या ठोकल्या, दिवे गेले आणि भरदुपारी घरात काळोख झाला. हर्शेल बोळात गादीवर बसला होता. एकाएकी उठला आणि भिंती चाचपायला लागला. आपण कुठे आहोत हे त्याला कळेना. ओलेटाने बॅटरी लावली तर तिच्याकडे बघून म्हणाला, “बाई, मला इथे कोणी कोंडलं?” चाळीस वर्षं संसार केलेला माणूस तिला ‘बाई’ म्हणाला. ती पाणी आणायला गेली तेवढ्यात मागचं दार उघडून तो वादळात गेला. ती त्याच्यामागे पळाली. ओकच्या झाडाला मिठी मारून तो उभा होता, बोटांची नखं तुटलेली, तोंडात वाळू. त्याला घरात आणायला तिला किती वेळ लागला हे तिने कुणालाच सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात भेटायला आलेल्या मुलीला मात्र ते त्या नखांवरूनच कळलं.

मुलगी जोनेल, राहायला वर जॉर्जियात, थॉमसव्हिलला. तिने फोनवर एकच लावून धरलं. “मम्मा, पुढच्या वेळी वादळाचं नाव निघालं की दोघं इकडे यायचं. नाहीतर डॅडीसाठी एखादी चांगली जागा बघू. मी बघून ठेवल्यात.”

“तुझ्याकडे आणला होता ना इस्टरला? तीन दिवस संडास शोधत होता बिचारा. तुझ्या कपड्यांच्या कपाटात...”

“ते मी धुतलं, मम्मा. मला त्याचं काही नाही.”

“तुला नाही गं. त्याला आहे. सगळं विसरतो, पण लाज वाटायचं विसरत नाही.”

 जोनेल हळूच म्हणाली, “आणखी एकदा तो असा बाहेर गेला आणि तुला सापडला नाही, तर?”

 ओलेटा रात्रंदिवस या प्रश्नावरच विचार करायला लागली. हर्शेलला वाऱ्याचं भय नव्हतं. जन्म वाऱ्यात गेला होता. त्याला भय होतं काळोखाचं. काळोख कशाने होतो? फळ्यांनी. म्हणजे फळ्या नकोत. फळ्यांवाचून वादळ सोसणाऱ्या खिडक्या मिळतात हे तिला ठाऊक होतं. बँकेला तसल्या होत्या आणि समुद्राकाठच्या सुट्टीवाल्यांच्या बंगल्यांना होत्या. बोटीचे पैसे तिने वेगळे ठेवले होते. माणूस बोटीतून उतरला तो कायमचा, तर निदान त्याच बोटीने त्याला घरात तरी ठेवावं, असा तिने हिशेब केला.

खिडक्या निवडणं म्हणजे झग्याचं कापड निवडणं नव्हे, हे तिला लवकरच कळलं. पहिला एक गुळगुळीत बोलणारा इसम आला. तो म्हणाला, आहे त्याच काचेवर चिकटपट्टीसारखा पारदर्शक कागद लावून देतो, काम स्वस्तात होईल. ओलेटाने विचारलं, “काच फुटली तर कागद धरेल. कागदाला कोण धरेल?” त्याने बरीच पुस्तकं उलटी-सुलटी केली. शेवटी चहासुद्धा न घेता गेला. नाही तरी तिने विचारला नव्हता.

दुसरा आला लमार क्रम. जोनेलच्या वर्गातला, खाली कॅराबेलच्या रस्त्यावर त्याचं खिडक्यांचं दुकान. हा नमुना घेऊनच आला: चौकटीत बसवलेली काच आणि एक हातोडा. काच ओट्यावर ठेवून, तिकडच्या रीतीने वडीलधाऱ्या बाईला मानाचं ‘मिस’ लावत म्हणाला, “मिस ओलेटा, जरा मागे सरा,” आणि दणकन हातोडा घातला. काचेला सगळीकडे तडे गेले, पण तुकडा पडला नाही, भोक पडलं नाही. “दोन काचा आहेत, मधे चिवट थर. गाडीच्या पुढच्या काचेसारखं, पण तिच्याहून जाड. फुटते, पण जागा सोडत नाही. वारा आत शिरत नाही, एवढंच आपल्याला पाहिजे.”

हर्शेल दारात उभा राहून बघत होता. “मला दे,” म्हणाला.

लमारने हातोडा दिला. हर्शेलने असा घातला की ओट्यावरचं कॉफीचं भांडं उडालं. काच तशीच. तो लहान मुलासारखा हसला. मग हातोडा खाली ठेवला, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा वळला आणि काचेकडे बोट दाखवून म्हणाला, “हे काय आहे? मला दे की एकदा.”

लमारने पुन्हा दिला. असं चार-पाचदा झालं. लमार दर वेळी तेवढ्याच उत्साहाने “मागे सरा” म्हणायचा. ओलेटाने तिथेच मनात ठरवलं की खिडक्या याच्याकडूनच घ्यायच्या. काच तर चांगली होतीच.

मग लमार टेप घेऊन घराभोवती फिरला, आणि ओलेटा त्याच्या मागे मागे प्रश्न विचारत. चौकट कशाची? खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची, रंग भट्टीत भाजून बसवलेली. खरी आणि खोटी ओळखायची कशी? काचेच्या कोपऱ्यात कसोटीचा शिक्का कोरलेला असतो, तो नसेल तर दारातूनच परत पाठवा. सगळ्या खिडक्या सारख्याच का? नाही, घराच्या कोपऱ्याजवळ वारा जास्त ओढतो, तिथल्या जास्त ताकदीच्या. आणि चौकट भिंतीच्या नुसत्या पट्टीला नाही, आतल्या जाड खांबाला स्क्रूने धरायला हवी, नाहीतर वादळ अख्खी खिडकी, काच शाबूत ठेवून, पाहुणीसारखी दिवाणखान्यात आणून बसवतं.

“आणि समोरच्या तेवढ्या आत्ता करू, मागच्या पुढच्या वर्षी?” ओलेटाने विचारून बघितलं.

“एक जरी कच्ची राहिली तर वारा तीच शोधून काढतो, मिस ओलेटा. माझ्या सासूसारखा आहे तो.”

पश्चिमेकडच्या कोठीच्या खिडकीपाशी ते पोचले तेव्हा हर्शेल तिथे आधीच आतून उभा होता. त्याने खिडकी वर सरकवली, हातभर उघडी ठेवली आणि लमारला म्हणाला, “ही. वारा पूर्वेचा असला की ही. वाऱ्याच्या आडची. ही उघडी नसेल तर घर फुटतं.”

लमारने ओलेटाकडे बघितलं. ओलेटाने नजर चुकवली, कारण हर्शेल वेड्यासारखं बोलत नव्हता. हे सगळा किनाराच मानत होता. वादळात घराच्या आत हवा कोंडते आणि फुग्यासारखं घर फुटतं, म्हणून वाऱ्याची पाठ ज्या बाजूला तिकडची एक खिडकी हातभर उघडी ठेवायची, आणि वारा फिरला की ती लगेच मिटायची. हर्शेलच्या बापाने हेच केलं होतं, त्याच्या बापानेही. म्हणून तर कोठीच्या खिडकीची फळी नेहमी हातभर आखूड कापलेली. मागच्या वर्षीचं सोडलं तर चाळीस वर्षं प्रत्येक वादळात बाकी सगळे बोळात बसलेले असताना हर्शेल एकटा त्या फटीशी जागत उभा असायचा, वारा कधी फिरतो ते बघत. दुसऱ्या कुणाला त्याने त्या खिडकीला हात लावू दिला नाही.

लमार ओलेटाला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, “चूक आहे ते. माझा बापही तेच करायचा. घर कधी फुग्यासारखं फुटत नाही. घराला हजार फटी असतात. उघडी खिडकी सापडली की वारा आत शिरतो आणि आतून छप्पर ढकलतो. बाहेरून ओढ असतेच. मग जातं छप्पर.”

“आमचं तर कधी गेलं नाही.”

“मिस्टर हर्शेलनी छप्पर स्वतः ठोकलंय ना? म्हणून गेलं नाही. खिडकीमुळे नाही, खिडकी असूनसुद्धा.”

ओलेटाला राग आला. लमारचा नाही, कोणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं. एवढ्या रात्री तो माणूस ताटकळत उभा राहिला तो काय फुकट? पण लमार खोटं बोलत नव्हता हेही तिला कळत होतं.

“मग कोठीला न उघडणारी काच बसव,” ती म्हणाली. “दिवाणखान्याला पण. सगळीकडे न उघडणारी.”

“निजायच्या खोलीतली उघडायलाच हवी. आग लागली तर बाहेर पडायला. कायदाच आहे, आणि बरोबर आहे. तिला वरून किल्लीचं कुलूप लावता येतं, पण मी लावणार नाही; आगीत किल्ली कोण शोधणार? हवं तर मिस्टर हर्शेलसाठी दाराला बाहेरून...”

“लमार,” ओलेटा म्हणाली, “मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याने मला विचारलं, मला कोणी कोंडलं. त्याला उत्तर द्यायला नको म्हणून हा सगळा खटाटोप चाललाय. आणि तू मला कुलूप विकतोस?”

लमारने टोपी काढून हातात घेतली. “चुकलो, मिस ओलेटा.”

“चुकलास तर चुकलास. कॉफी घे.”

जोनेलला तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मम्मा, तो ती खिडकी शोधणार. आपली नावं विसरेल, ती नाही विसरणार. आणि कोठीची उघडली नाही की निजायच्या खोलीतली उघडेल. भर वादळात. मग काय करशील?”

“बघू.”

“‘बघू’ने छप्पर राहत नाही.”

“तुझ्या बापाने ठोकलंय ते. राहील.” पण फोन ठेवून ती कोठीच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. काळोखाचा बंदोबस्त झाला होता, खिडकीचा नव्हता.

उन्हाळ्यात खिडक्या बसल्या. फळ्या शेजाऱ्यांनी वाटून नेल्या. कुणी कोंबड्यांना आडोसा केला, कुणी कामाचं टेबल. ‘ओलेटाचं शिवणाचं मशीन’ ही फळी समोरच्या अंगणात कोंबड्यांवर उभी राहिली, त्यावरून गावात चार दिवस हसणं झालं. हर्शेल रोज सकाळी नव्या काचांवरून हात फिरवायचा. कोठीत मात्र काचेच्या खालच्या कडेला बोटं घालून बघायचा, कपाळाला आठी घालायचा, आणि विसरून जायचा.

सप्टेंबरात वादळ आलं. मधलंच, पश्चिमेकडून चढणारं. काउंटीने वाळूच्या उंचवट्यावरच्यांना घरातच राहा म्हटलं. जोनेलने तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ती नुसतीच रडली आणि “सांभाळ” म्हणाली.

सकाळी वारा पूर्वेकडून सुरू झाला. दिवे गेले. आणि घरात उजेड राहिला. हिरवट, पावसाळी, पण उजेड. ओलेटा दिवाणखान्यात उभी राहिली आणि सत्तरी ओलांडल्यावर तिने आयुष्यात पहिल्यांदा वादळ बघितलं. पाइनची झाडं जमिनीशी बोलायला वाकावी तशी वाकत होती. कुणाचा तरी प्लास्टिकचा पोहण्याचा हौद रस्त्यावरून घाईघाईने चालला होता. हर्शेल खुर्चीत बसून थंड कॉफी पीत सगळं बघत होता, शांत. “आग्नेयेकडे वळतोय,” मधेच म्हणाला. ओलेटाच्या जिवात जीव आला. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं.

मग एक फांदी येऊन समोरच्या काचेवर आदळली. काचेला तड्यांचं जाळं पडलं. ओलेटा किंचाळली. हर्शेल उठला, काचेवर आतून तळवा ठेवला. कोरडी. त्याने ओलेटाकडे बघून मान डोलावली, चांगला माल बघून डोलवावी तशी. पण तो उभा राहिला होता, आणि उभं राहिल्यावर त्याच्या अंगाला काहीतरी आठवलं. तो कोठीकडे निघाला.

त्याने काचेच्या खाली बोटं घातली. वर ओढलं. पुन्हा ओढलं. “अडकलीय,” म्हणाला. मग दोन्ही हातांनी. मग खांद्याने. मानेच्या शिरा टरारल्या. “ही उघडत का नाही? घर फुटेल! पोरं बोळात आहेत!” बोळात कुणी नव्हतं. तो तिला ढकलून पुढे गेला, न्हाणीघर, शिवणाची खोली, प्रत्येक काचेला हात लावत, आणि तोंडाने एकच, “हातभर, हातभर.” शेवटी निजायच्या खोलीत पोचला. त्या खिडकीला कडी होती, आणि तो वाऱ्याचा कोपरा होता. त्याचा हात कडीवर गेला.

ओलेटाने त्याचा हात धरला नाही. त्याच्या खांद्यांपुढे तिचं काही चाललं नसतं. ती त्याच्या शेजारी उभी राहिली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “ही नको, हर्शेल. मी आडची उघडलीय.”

त्याचा हात थांबला. “कुठली?”

“पश्चिमेची. कोठीतली.”

“किती?”

“हातभर.”

तो तिच्याकडे बघत राहिला. बाहेर छपरावर काहीतरी घसरत गेलं. चाळीस वर्षांत तिने त्या खिडकीला हात लावला नव्हता, आणि हे त्याला आठवत होतं असं तिला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. आता ओरडेल, असं वाटलं.

“वारा दक्षिणेला गेला की मिटायची,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे.”

“मिटायला विसरलीस तर छप्पर जाईल. झोप लागता कामा नये. मी कधी झोपलो नाही.”

“ठाऊक आहे मला. मी जागी आहे.”

त्याने कडीवरून हात काढला. खांदे एकदम खाली आले, दिवसभराचे चिमटे खाली ठेवल्यासारखे. “बरं,” म्हणाला. “मग बघ तू. मी दमलोय, ओलेटा.”

तो पलंगावर आडवा झाला आणि भर वादळात, उजेडात, गाढ झोपला. वादळात झोपलेला हर्शेल तिने कधी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. ती त्याच्या पायांवर पांघरूण घालून तिथेच उभी राहिली आणि तिला रडू आलं. त्याने नाव घेतलं म्हणून आलं, आणि एवढी वर्षं तो एकटा उभा राहिला तेव्हा आपण कधी म्हणालो नाही की तू बस, मी बघते, म्हणूनही आलं.

मग तिने डोळे पुसले, शिवणाच्या खोलीतली खुर्ची उचलली आणि कोठीत नेऊन काचेसमोर मांडून बसली. दुपारी झाडं दुसरीकडे वाकायला लागली. वारा दक्षिणेला फिरला होता.

“मिटलीस का?” आतून झोपेतला आवाज आला.

ओलेटा उठली. बंद काचेच्या खालच्या कडेवर तिने दोन्ही हात ठेवले, जोर देऊन दाबले, आणि मग मोठ्याने म्हणाली, “मिटली. तू झोप.”